आल्प्समध्ये रोड बाइक भाड्याने घेणं आणि रस्ते शोधणं, इंटरलाकेनला निघालेल्या कोल्हापूरकरासाठी

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की जुलैमध्ये वहिनी आणि पोरांना घेऊन आठवडाभर स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला मुक्काम आहे, त्यातले ३ दिवस सायकलला मिळतील, पन्हाळा-जोतिबा तुझं नेहमीचं आहे, आंबोली चढून झालंय, तर स्वतःची सायकल न्यावी का तिथं भाड्याने घ्यावी, आणि रस्ते कुठून शोधायचे. चांगला प्रश्न आहे आणि वेळेत विचारलास, कारण यातली निम्मी कामं कोल्हापुरातूनच करायची असतात. सविस्तर सांगतो, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं हिच्याभोवती फिरतं. आल्प्समध्ये दिवस चांगला जाणार का वाईट हे ठरतं तुझ्या सायकलच्या सगळ्यात हलक्या गिअरवर आणि तू निवडलेला रस्ता तुझ्या मुक्कामाच्या दारातून सुरू होतो का यावर. लोक नेमकं उलटं करतात. कार्बन फ्रेम कुठली, चाकं कुठली हे आधी बघतात आणि रस्ता निवडताना टीव्हीवर ऐकलेलं घाटाचं नाव धरून बसतात. मग त्या नावासाठी ४ तास ट्रेन आणि बस, आणि सायकलवर जेमतेम ३ तास. तुझ्यासोबत घरचे आहेत, तुला हे परवडणारं नाही.

आता न्यायची का भाड्याने घ्यायची. ३ दिवसांसाठी डोळे झाकून भाड्याने घे. स्वतःची न्यायची म्हणजे बॉक्स आला, मुंबईपर्यंत गाडीत तो बसवणं आलं, एअरलाइनला स्पोर्ट्स बॅगेजचं आधी कळवणं आणि पैसे आले, तिथं उतरल्यावर दोन पोरं, चार बॅगा आणि एक भलामोठा बॉक्स घेऊन ट्रेन बदलायच्या, आणि हॉटेलच्या त्या एवढ्याशा खोलीत बॉक्स ठेवायचा कुठं हा रोजचा वाद. ८-१० दिवस सलग सायकलच चालवायची असेल, सोबत मित्र असतील, तर मात्र स्वतःची नेलेली बरी, कारण शरीराला सवयीची सीट आणि सवयीचा हँडल लांबच्या दिवसांत लई फरक पाडतो. तुझं तसं नाही.

भाड्याने घेताना पहिला सापळा असा की स्वित्झर्लंडमध्ये सायकल सगळीकडे मिळते, हॉटेलात मिळते, स्टेशनवर मिळते, पण ती बहुतेक वेळा सिटी बाइक, ट्रेकिंग बाइक, ई-बाइक नाहीतर माउंटन बाइक असते. खरी ड्रॉप हँडलची, म्हणजे टोकं खाली वळलेल्या हँडलची, रोड बाइक ठेवणारी दुकानं त्यामानाने थोडी, त्यांच्याकडे एका साइजच्या दोन-चारच सायकली असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मधल्या साइजच्या आधी जातात. म्हणून तिथं गेल्यावर बघू असं करू नको. आत्ता एप्रिल-मे चालू आहे तोवरच ईमेल टाक, तारखा कळव, आणि कन्फर्मेशन लेखी घे. फोटोत दाखवलेलं मॉडेल मिळेलच असं नसतं, 'या किंवा या प्रकारची' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणून मेलमध्ये मॉडेल मागायचं नाही, गोष्टी मागायच्या. पुढे किती दात, मागे किती दात, डिस्क ब्रेक आहेत का, टायर किती रुंद.

दातांचं नीट समजून घे. पुढच्या दोन चक्रांना ५०-३४ दात म्हणजे कॉम्पॅक्ट, हेच पाहिजे. काही दुकानं ५२-३६ लावलेली सायकल देतात, ती सपाटीवर छान वाटते पण आपल्यासारख्यांना आल्प्समध्ये ती नको. मागे कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाचं, सगळ्यात मोठं चक्र ३४ दातांचं पाहिजे, ३२ चालेल, २८ अजिबात नाही. कारण साधा हिशेब आहे. पुढे ३४ मागे ३४ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक एकदा फिरणार, म्हणजे साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारलेस तरी ताशी साडेसात किलोमीटर होतात. तेच मागे २८ असेल तर ६० फेऱ्यांना ताशी सव्वानऊ किलोमीटरने चढावं लागतं, आणि ८-९ टक्क्यांच्या चढावर सव्वानऊने तासभर चढणं म्हणजे ७० किलोच्या माणसाला १८० वॅटच्या वर सतत काढणं. ते जमत नसेल तर फेरे ४५-५० वर येतात, गुडघ्यावर जोर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सायकलकडे बघावंसं वाटत नाही. जोतिबाला हे जाणवत नाही कारण तिथं जोर संपायच्या आत चढ संपतो. आल्प्समध्ये चढ संपत नाही भावा, दीड-दोन तास चालूच राहतो. बाकी काही विसरलास तरी चालेल, पण मेलमध्ये मागचे ३४ दात मागायला विसरू नको.

साइजचं सांगतो. दुकानं उंची विचारतात आणि चार्ट बघून ५४ का ५६ ठरवतात. तेवढ्यावर सोडू नको. तुझ्या सध्याच्या सायकलवर तू आरामात ४-५ तास बसतोस ना, मग तिचीच मापं घ्यायची. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या वरपर्यंत सीट ट्यूबच्या रेषेत किती, सीटच्या टोकापासून हँडलबारच्या मध्यापर्यंत किती, आणि सीटपेक्षा हँडल किती खाली आहे. ही तीन मापं मिलिमीटरमध्ये फोनमध्ये ठेव, सोबत सायकलचा बाजूने एक फोटो. तिथल्या चांगल्या मेकॅनिकला ही तीन मापं दाखवली की तो १० मिनिटात सायकल तुझ्यासारखी करून देतो. फ्रेम दोन साइजच्या मध्ये अडकत असेल तर भाड्याच्या सायकलला मी लहान साइज सांगतो, हँडल धरणारं स्टेम लांब करता येतं आणि सीटपोस्ट वर घेता येते, मोठी फ्रेम लहान करता येत नाही. माझ्याकडे फिटिंगला येणाऱ्या निम्म्या लोकांच्या तक्रारी मोठ्या फ्रेमच्याच असतात. सीटबद्दल हळवा असशील तर स्वतःची सीट काढून बॅगेत टाक, पाव किलोचं काम आहे, दुकानवाले बसवून देतात. पेडलही स्वतःचे ने, नाहीतर मेलमध्ये स्पष्ट लिही की शूज अडकवायचे एसपीडी पाहिजेत का रोडचे एसपीडी-एसएल का साधे फ्लॅट. नुसतं 'क्लीटवाले' असं लिहिलंस तर तुझ्या शूजला न बसणारे मिळतील. हेल्मेट दुकानात मिळतं, तरी डोक्याला बसलेलं स्वतःचं न्यावं.

डिस्क ब्रेक का मागायचे, तर उतार. तिथले उतार २०-२५ किलोमीटरचे असतात, आणि रिम ब्रेकवर, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणाऱ्या ब्रेकवर, विशेषतः कार्बन रिमवर, इतका वेळ ब्रेक दाबून ठेवला की रिम तापते. अॅल्युमिनियम रिम असेल तर निदान निभावतं, कार्बन रिम आणि रिम ब्रेक ही जोडी फुकट दिली तरी घेऊ नको. टायर २८ मिमीचे नाहीतर त्याहून थोडे रुंद घे, २५चा आग्रह नको.

सायकल ताब्यात घ्यायला आदल्या संध्याकाळी जा, सकाळी नाही. सकाळी गेलास तर दुकान उघडणार, कागद होणार, सीट वरखाली होणार, आणि निघायला ११ वाजतात, आणि डोंगरात ११ला निघणं म्हणजे दुपारच्या ढगांत सापडणं. पासपोर्ट बरोबर ठेव आणि डिपॉझिट ब्लॉक करायला क्रेडिट कार्ड, आपलं फॉरेक्स कार्ड ब्लॉकिंगला चालतंच असं नाही, मेलमध्ये विचार. नुकसान झालं तर किती भरायचं आणि डॅमेज कव्हर काय आहे हे सही करायच्या आधी वाच. फ्रेमवर, गिअर बदलणाऱ्या डिरेलरवर, हँडलच्या टोकांवर आधीचे ओरखडे असतील त्यांचे फोटो दुकानातच काढ. सीटखालच्या पिशवीत काय दिलंय ते उघडून बघ, ट्यूब आहे का, ती त्याच चाकाची आहे का, लिव्हर, पंप, मल्टिटूल, आणि चाक काढताना थ्रू-अॅक्सल या दांड्याला लागणारी अॅलन की त्या टूलमध्ये आहे का. ट्यूबलेस असेल तर भोक बुजवायचा प्लग मागून घे. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरी चार्ज आहे का हे त्याच्यासमोर बघ.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोनदा सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. युरोपात डाव्या हाताला पुढचा आणि उजव्या हाताला मागचा. तुझी सायकल कशी आहे ते आज घरी बघून घे. घाबरल्यावर हात सवयीने चालतो, आणि ओल्या वळणावर मागचा समजून पुढचा आवळला की माणूस आडवा. दुकानातून बाहेर पडल्यावर लगेच रस्त्याला लागू नको, एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये १५-२० मिनिटं फक्त ब्रेक लाव आणि सोड, एक हात, मग दुसरा, मग दोन्ही. शिवाय गाड्या उजव्या बाजूने चालतात, राउंडअबाउट उलटा फिरतो आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. खुणा नसलेल्या गल्लीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. दोन-तीन तासांत अंगवळणी पडतं, पण ते दोन-तीन तास सपाटीवर काढ.

आता रस्ते, यातच खरी मजा आहे.

इंटरलाकेन थून आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधे आहे, उंची साडेपाचशे मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्या कोल्हापूरएवढीच. तिथून नकाशावर साठ-सत्तर किलोमीटरचा घेर काढ आणि त्या घेरातच बघ, तेवढ्यात तुला ३ दिवस काय ३ आठवडे पुरेल एवढं आहे. स्टेल्विओ, गालिबिए, आल्प द्युएझ ही नावं डोक्यातून काढ, स्टेल्विओ इटलीत आहे आणि गालिबिए, आल्प द्युएझ फ्रान्समध्ये, त्यासाठी मुक्कामच बोर्मिओ नाहीतर बूर द्वाझाँला पाहिजे. पुढच्या वेळी मित्रांसोबत गेलास की ते.

शोधायचं कसं, तर मी हे सगळं घरी बसून मोठ्या स्क्रीनवर करतो. पहिलं श्वाइत्स मोबिल, ते स्विस लोकांचं देशभरातल्या सायकल आणि पायवाटांचं अधिकृत जाळं आहे, त्याचा नकाशा फुकट बघता येतो आणि रस्त्यावर त्याच नंबरच्या लालसर पाट्या लागलेल्या असतात. इंटरलाकेनवरून ८ नंबरचा आरे रूट आणि ९ नंबरचा लेक्स रूट जातो. पण हे रूट सगळ्या प्रकारच्या सायकलींसाठी आहेत हे लक्षात ठेव, मधेच कच्चा रस्ता येतो. ब्रिएन्झ तळ्याच्या दक्षिण काठाने इसेल्टवाल्डकडून गीसबाखकडे जाताना असंच होतं, नकाशावर फार सुंदर दिसतं पण २८च्या टायरला तो भाग नको. म्हणून दुसरं पाऊल, तोच रूट कोमूट नाहीतर राइड विथ जीपीएस या रूट आखायच्या अॅपवर रोड बाइक निवडून पुन्हा काढायचा आणि सरफेस बघायचा. तिसरं, स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अॅपचा हीटमॅप उघड, रोड राइडवाले खरोखर कुठल्या रस्त्याने जातात ते दाट रेषेत दिसतं, दोन समांतर रस्ते असतील तर दाट रेषेवर विश्वास ठेव. शंका राहिली तर स्ट्रीट व्ह्यू टाकून डांबर डोळ्याने बघ. चढाचा प्रोफाइल, म्हणजे कुठं किती चढ आहे ते, बघायला सायक्लिंगकोल्स आणि जर्मन लोकांचं क्वेलडिश या दोन साइट चांगल्या आहेत, क्वेलडिश जर्मनमध्ये आहे पण भाषांतर लावून वाचता येतं. गूगल मॅपवर एकट्यावर अवलंबून राहू नको, तो पायवाटेवर पण सायकल घालतो. रूटची फाइल जीपीएक्स फॉरमॅटमध्ये काढून सायकलच्या कॉम्प्युटरमध्ये आणि फोनमध्ये ऑफलाइन दोन्हीकडे ठेव. सरकारी स्विसटोपोचं अॅप फुकट आहे आणि नकाशे ऑफलाइन घेता येतात, ते पण टाकून ठेव. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे नुसतं 'युरोप' लिहिलेलं सिम तिथं चालेलच असं नाही, घेताना देशांची यादी बघ.

प्रोफाइल बघताना सरासरी टक्क्यावर जाऊ नको. मधे दोन किलोमीटर सपाटी असली की सरासरी खाली येते आणि तुला वाटतं सोपं आहे. सगळ्यात कडक सलग एक किलोमीटर किती टक्के आहे ते बघ, तो तुझ्या गिअरमध्ये बसतो का बघ. वेळेचा अंदाज किलोमीटरवर काढायचा नाही, चढाईच्या मीटरवर काढायचा. तुझ्या पन्हाळा-जोतिबाच्या राइड स्ट्राव्हावर असतीलच, त्यातून काढ की तू तासाला किती मीटर चढतोस. समज ६०० निघाले, तर तिथल्या लांब चढाला ४५० धर, कारण चढ लांब, वर हवा विरळ, आणि मधे तू फोटो काढायला थांबणारच.

पहिल्या दिवशी साधं ठेव. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनमार्गे श्टेखेलबेर्गपर्यंत जायचं, जाऊन-येऊन चाळीसच्या आत, चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यावरून पडणारे धबधबे, जवळजवळ ३०० मीटर उंचीचा श्टाउबबाख गावातून दिसतो. श्टेखेलबेर्गला रस्ताच संपतो, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. घरचे ट्रेनने लाउटरब्रुनेनला येतात, जेवण एकत्र होतं. पाय जास्तच वळवळत असतील तर परतल्यावर बीटेनबेर्गचा चढ आहे, इंटरलाकेनपासून साडेपाचशे मीटर चढतो, थून तळं खाली पसरलेलं दिसतं. हा दिवस ब्रेक, उजवी बाजू आणि सीटची उंची यासाठी आहे, सीट दोन-तीन मिमी वरखाली करावी लागली तर याच दिवशी कळतं आणि दुकान जवळ असतं.

दुसरा दिवस, आणि यासाठीच मी तुला एवढं लिहितोय, ग्रोसे शायडेक. उंची १,९६२ मीटर. इंटरलाकेनहून त्स्वाइल्युचिनेन, तिथून डावीकडे ग्रिंडेलवाल्ड, हे २० किलोमीटर हळूहळू चढत १,०३४ मीटरवर नेतात. ग्रिंडेलवाल्डनंतर खरा चढ, १० किलोमीटरच्या आसपास आणि ९०० मीटरच्या वर चढाई, मधे १० टक्क्यांच्या वरचे तुकडे बरेच. पण गावाच्या वर थोडं गेलं की खाजगी गाड्यांना बंदी सुरू होते. कार नाही, मोटरसायकल नाही, फक्त पिवळ्या पोस्टाच्या आणि स्थानिक बस. आल्प्समध्ये डांबरी रस्त्यावर एवढी शांतता मिळणं फार दुर्मिळ आहे, दुसऱ्या नावाजलेल्या घाटांवर शनिवार-रविवारी मोटरसायकलींचा जो आवाज असतो तो ऐकलास की कळेल मी याच्या मागे का लागलोय. डोक्यावर वेटरहॉर्नचा कडा, मागे वळलं की आयगरची उत्तर भिंत, आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा. बस वळणावर तीन सुरांचा हॉर्न वाजवते, तो ऐकला की कडेला हो आणि थांब, रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे आणि अशा रस्त्यावर बस ड्रायव्हर हात करेल तसं करायचं असतं. वर हॉटेल आहे, खायला मिळतं. घरच्यांना ग्रिंडेलवाल्डहून बसने वर बोलाव, पोरं बापाला चढताना बघतील आणि त्यांना पण तो रस्ता बघायला मिळेल.

वरून मागे फिरायचं नाही, पलीकडे रोझेनलाउईमार्गे माइरिंगेनला उतरायचं. उतार अरुंद आहे, जनावरं रस्त्यावर येतात, शेण ओलं असतं, आणि जनावरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या टाकलेल्या असतात, त्यांच्यावरून हँडल सरळ धरून, ब्रेक न लावता, काटकोनात जायचं, ओल्या असतील तर जास्तच जपून. माइरिंगेन ६०० मीटरवर. तिथून ब्रिएन्झपर्यंत सपाट, मग तळ्याच्या उत्तर काठाने इंटरलाकेन. पूर्ण फेरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, चढाई साधारण दीड हजार मीटर. आणि याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाय संपले, पाऊस आला, चाक वाकलं, काहीही झालं तरी माइरिंगेन आणि ब्रिएन्झ दोन्हीकडे ट्रेन आहे, थेट इंटरलाकेन. रस्ता निवडताना मी कायम हे बघतो, चढ संपल्यावर दमलेल्या माणसाला घरी आणणारी ट्रेन कुठं आहे.

तिसरा दिवस तुझ्या पायांवर आणि हवेवर सोड. दोन्ही चांगले असतील तर ट्रेनने माइरिंगेन, आणि इनर्टकिर्शेनहून ग्रिमसेल, २६ किलोमीटर, ६२५ मीटरवरून २,१६४ मीटरवर. ग्रॅनाइटचे उघडे डोंगर आणि वरच्या भागात धरणांची तळी, सगळं दगडी आणि करडं, ग्रोसे शायडेकच्या हिरव्याच्या एकदम उलट. काही बोगद्यांना वळसा घालून सायकलसाठी जुना रस्ता आहे, पाट्या बघत जा. पुढचा-मागचा लाइट लावलेला पाहिजेच. वर जाऊन त्याच रस्त्याने परत ये. तिथं कोणीतरी ग्रिमसेल-फुर्का-सुस्टेन अशी तीन पासची फेरी कर म्हणून सांगेल. ती १२० किलोमीटर आणि साडेतीन हजार मीटर चढाई आहे, फार सुंदर आहे, पण पन्हाळ्याच्या राइडवर तयारी झालेल्याने पहिल्याच ट्रिपला करायचं ते काम नाही. ग्रिमसेलला वाहतूक असते, शक्यतो सोमवार ते गुरुवार आणि सकाळी लवकर. हे पास हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात आणि साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतात, जुलैमध्ये अडचण नसावी, तरी दरड नाहीतर काम चालू असू शकतं, टीसीएस या स्विस मोटर क्लबच्या साइटवर कुठला पास चालू कुठला बंद हे दिसतं, आदल्या रात्री बघ.

हवा हा विषय आपले लोक हलक्यात घेतात. आपण पावसात भिजायला घाबरत नाही कारण आपला पाऊस गार नसतो. तिथं १,००० मीटर वर गेलं की तापमान सहा-सात अंशांनी उतरतं, खाली २६ असेल तर ग्रिमसेलच्या माथ्यावर १६, आणि घामाने भिजलेल्या कपड्यात तासभर उतार म्हणजे बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबता येत नाही. ही भीती घालायची गोष्ट नाही, ही ब्रेकची गोष्ट आहे. विंड जॅकेट, आर्म वॉर्मर आणि पूर्ण बोटांचे पातळ ग्लोव्ह्ज उन्हातही खिशात पाहिजेत, आणि ते वर पोचल्या पोचल्या घालायचे, थंडी वाजल्यावर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग जमून वीज-पाऊस होणं नेहमीचं आहे, म्हणून सकाळी ७ला सायकलवर आणि १ वाजेपर्यंत माथा ओलांडलेला. स्विस हवामान खात्याचं मेटिओस्विस अॅप टाक, त्यात रडार दिसतो.

उतरताना हात खाली ड्रॉप्सवर. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करायचा, वळणात सोडायचे, बाहेरचा पाय खाली आणि नजर वळणाच्या पलीकडे. सतत थोडा थोडा ब्रेक दाबून ठेवायची आपल्याकडची सवय तिथं मोड, त्याने ब्रेक तापतो आणि हात दुखून येतो. मागे गाडी अडकली तर घाई करू नको, जागा मिळेल तिथं थांबून जाऊ दे.

पाण्याची चिंता नको, प्रत्येक गावात चोवीस तास वाहणारं दगडी नाहीतर लाकडी टाकं असतं, पिऊ नये असं जर्मनमध्ये लिहिलेलं नसेल तर बाटली भर. खायला घरून राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाणा चिक्की ने, आपला गूळ पोटाला सवयीचा आहे, एनर्जी जेलपेक्षा बरा. रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद असतात, स्टेशनमधली दुकानं चालू असतात, शनिवारीच घेऊन ठेव. पाट्यांचा रंग लक्षात ठेव, हिरवी पाटी म्हणजे मोटरवे, तिथं सायकल चालत नाही, ब्रिएन्झ तळ्याच्या दक्षिणेला असा रस्ता आहे आणि पाट्या बघत गेलं नाही तर चुकून तिकडे वळायला होतं. लाल गोलात सायकलचं चित्र दिसलं तर तो रस्ता पण सोड, बाजूला सायकलची वेगळी पाटी सापडतेच.

ट्रेनचं एवढंच, की तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास असला तरी सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि इंटरसिटी गाड्यांना मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सायकलची जागा आधी रिझर्व्ह करावी लागते. स्विस रेल्वेच्या एसबीबी अॅपवर दोन्ही होतं.

इन्शुरन्स घेताना एजंटला सरळ विचार की सायकलिंग यात आहे का आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने उचललं तर ते आहे का, कारण ती रेस्क्यू स्वस्त नसते आणि बऱ्याच साध्या पॉलिसींत अॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात. उत्तर मेलवर घे. रेगा या हेलिकॉप्टर रेस्क्यूचा नंबर १४१४, अॅम्ब्युलन्स १४४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. वहिनींच्या फोनमध्ये पण सेव्ह कर, आणि निघताना रूटची लिंक आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते त्यांना पाठव.

आता इथली तयारी. तुला कमी पडणार आहे ती ताकद नाही, सलग चढायची सवय. आपल्याकडे दीड तास एकसारखा चढणारा रस्ताच नाही, म्हणून जोतिबा वर-खाली-वर-खाली न थांबता कर, खाली आलास की पाय न टेकता परत वर, आठवड्यातून एकदा. रविवारी गगनबावडा, आणि भुईबावडा किंवा करूळ यातला जो चालू असेल तो घाट उतरून परत चढ, त्यात उताराचा सराव पण होतो. हे जूनच्या पहिल्या पावसाआधी उरक, नंतर तिथं दरडी आणि धुकं, उगाच जोखीम घेऊ नको. पाऊस लागला की घरात सायकल लावायच्या ट्रेनरवर ९० मिनिटं, मिनिटाला ६० ते ६५ फेरे, जड गिअर, गप्पा मारता येतील एवढ्याच जोराने.

येत्या शनिवारी संध्याकाळी सायकल आणि शूज दोन्ही घेऊन ये, तीन मापं मी घेऊन देतो आणि दुकानाला पाठवायचा मेल आपण तिथंच बसून लिहू. येण्याआधी तुझ्या कॅसेटच्या मोठ्या चक्राचे दात मोजून ठेव. २८ निघाले तर इथंच ३४ टाकू, डिरेलर झेपतो का ते मी बघतो, म्हणजे पुढचे दोन महिने तू त्याच गिअरवर चढायला शिकशील.